कथेतलं दुःख कागदावर उतरतच नाही, काय करावं?

बालाघाट_वाला (बीड):
नमस्कार मंडळी, एक कथा लिहायलोय. दसरा झाल्यावर आई-बाप ऊसतोडीला निघालेत अन् सात वर्षाचं पोरगं आजीजवळ राहणार, एवढाच प्रसंग. आमच्या गल्लीत दरसाली बघितलेलं, तरी लिहायला बसलं की "तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं, डोळ्यात आसवं तरळली" हेच येतंय. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणली सिरियल लावल्यासारखं वाटतंय. मनातलं दाखवायचं कसं? काही वाचण्यासारखं असंल तर तेबी सांगा, कोर्सबिर्सला पैसे नाहीत.

ज्वारीची_भाकर:
वहिनी बरोबर आहेत भाऊ. ते काळीज, आसवं, हुंदका आधी खोडा. आपल्याकडची बाई निघताना "मला दुःख होतंय" म्हणते का? ती म्हणते, "डब्यात लाडू हायेत, रोज दोनच खा." तिच्या हाताला काम द्या. बाहेर ट्रॅक्टर हॉर्न मारायलाय, मुकादम वरडायलाय अन् ही पोराच्या दप्तराची अडकलेली चेन मेणबत्ती घासून मोकळी करायलीय, चेन तर कवाच निघाली तरी हिचं घासणं चालूच. बस. रडू लिहूच नका.

बालाघाट_वाला:
चेनचं भारी आहे! पण वाचकाला कळलंच नाही तर? मागच्या कथेला एकजण म्हणला तुमची नायिका दगड आहे.

गोदाकाठ (नांदेड):
कळतं, पण आधी पेरावं लागतं. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत म्हणजे पार गुढीपाडव्याच्या आसपास परत येणं नाही, अन् मागल्या साली आली तेव्हा पोरगं तिच्याजवळ झोपायलाच तयार नव्हतं, हे एका ओळीत आधी येऊ द्या मग चेन आपोआप बोलते. भरताच्या नाट्यशास्त्रात हेच आहे की, विभाव म्हणजे कारण, अनुभाव म्हणजे बाहेर दिसणारी खूण, आणि येऊन जाऊन असणारे व्यभिचारी भाव तर 33 मोजलेत. आपण नुसते अनुभाव लिहितो, त्यातपण फक्त अश्रू. त्या 33 मधे चिंता आहे, असूया आहे, हर्षसुद्धा आहे. सासूच्या कटकटीतून सहा महिने सुटले असं तुमच्या बाईला क्षणभर वाटत नसंल का? तेवढं येऊ द्या, लगेच लाज वाटू द्या.

रिटायर_मास्तर (परभणी):
वाचायचंच तर भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' वाचा, आपल्याच मराठवाड्याचे. टोमॅटोला भाव नाही म्हणून बाप भर बाजारात स्वतःचाच माल तुडवतो. वर्गात वाचून दाखवायचो तर मागच्या बाकावरचे टवाळसुद्धा गप व्हायचे. फक्त आता टोमॅटोच्या जागी कांदे टाकून तेच लिहू नका, एका स्पर्धेला परीक्षक होतो तर तीन-चार कथांत माल तुडवलेला! आणि वरच्या मंडळींशी एका बाबतीत जमत नाही, अधूनमधून सरळ "तिला भीती वाटली" लिहिलं तर काय बिघडत नाही हो, सगळंच हातवारे करून दाखवलं तर कथेचं मूकनाट्य होतं.

बालाघाट_वाला:
रात्री परत लिहिलं. ट्रॅक्टर गेल्यावर पोरगं नुसतं चेन उघडतंय अन् लावतंय, तिथंच थांबलो. बायको काहीच बोलली नाही, मग म्हणली, ह्यांच्या घरात भरदिवसा मेणबत्ती हाताशी कशी? रात्री लाईट गेलती असं टाकू का वर?

ज्वारीची_भाकर:
टाका की, बीड जिल्ह्यात त्याला पुरावा कोण मागतंय.