मदत हवी आहे: ग्रुप ऑर्डरचे पैसे अडकलेत, जीओएम गायब

जांभळी_सांगली: लवकर सांगा प्लीज. जीओएमने तीन आठवडे काही टाकलेलं नाही, काल विचारलं तर मला ब्लॉक केलं. ४,६०० रुपये आहेत माझे. काय करू?

देवगडी: जीओएम म्हणजे काय? आणि कसले पैसे?

जांभळी_सांगली: ग्रुप ऑर्डर मॅनेजर हो. बीटीएस या सात जणांच्या कोरियन बँडचे अल्बम. कोरियाहून एकटीने मागवला तर पोस्टेजच अल्बमच्या किमतीला भिडतं, म्हणून पंधरा-वीस जणी मिळून मागवतो. एकजण सगळ्यांचे पैसे गोळा करते, पार्सल तिच्याकडे येतं, मग ती वाटून पाठवते.

रानवाटा: पैसे कधी भरले? यूपीआयने की बँकेतून? एकदाच की दोनदा? तिला ओळखता का?

जांभळी_सांगली: मार्चमध्ये ३,२००, जूनमध्ये पोस्टेज आणि कस्टमचे १,४००. दोन्ही यूपीआय. ओळख इन्स्टावरचीच. आधी दोन ऑर्डर नीट आल्या होत्या.

नानांचा_वाडा: माझी लेकही यातलीच. गाणी मोबाइलवर ऐकते, अल्बम घेते तो आत निघणाऱ्या एका फोटोकार्डासाठी. तेही सातांपैकी कोणाचं निघेल सांगता येत नाही. हे थांबवा मुलींनो, कळकळीने सांगतोय.

अबोली_२२: काका, तिने पैसे कसे परत मिळवायचे ते विचारलंय. आणि ती कार्डं आम्ही स्लीव्हमध्ये घालून जिवापाड जपतो. तुम्ही पोस्टाची तिकिटं जमवली नव्हती का?

नानांचा_वाडा: जमवली, अजून आहेत. पण अनोळखी माणसाच्या हातात महिन्याचा पॉकेटमनी कधी दिला नाही.

खाडीपलीकडे: मला वाटतं कस्टममध्ये अडकलं असेल. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून भेट म्हणून आलेल्या वस्तूंची सूट गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर पूर्ण ड्युटी भरावी लागते. माझ्या भावाने पाठवलेले बूट असेच अडकले होते, त्यातही एक नंबर लहान निघाला.

अबोली_२२: खोटी कार्डं ओळखायची असतील तर कडा आणि मागची छपाई बघा. खऱ्या कार्डाचे कोपरे एकसारखे गोल असतात.

रानवाटा: ते कोणी विचारलंय? जांभळी, ट्रॅकिंग नंबर दिला होता का?

जांभळी_सांगली: हो, ते सांगायचं राहिलं. ईजीने सुरू होतो, शेवटी केआर. साइटवर उघडत नाही. ती म्हणाली सर्व्हर डाऊन आहे.

निवृत्त_टपाली: बाळ, नंबर इथे टाकू नकोस. फक्त मधले अंक मोज. परदेशी टपालाचा नंबर एकूण १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. नववा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मनाने रचलेला नंबर सहसा जुळत नाही.

जांभळी_सांगली: आठच अंक आहेत. तीनदा मोजले.

निवृत्त_टपाली: मग तो टपालाचा नंबर नाही.

पेठेतला: तिचा फोटो आणि फोन नंबर सगळ्या फॅन पेजवर टाका. दोन दिवसांत पैसे देईल.

रानवाटा: अजिबात टाकू नका. अकाउंट दुसऱ्याच मुलीचा फोटो लावून चालवलेलं असू शकतं, तिच्या घरी शिव्या जातील. आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरा. दोन्ही व्यवहारांचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट आणि तिचा यूपीआय आयडी जोडा. बँकेलाही लेखी कळवा. जूनचे पैसे खात्यात शिल्लक असतील तरच ते गोठवता येतात, म्हणून उद्यावर टाकू नका.

पेठेतला: पोलीस चार हजारांसाठी काही करत नाहीत.

अबोली_२२: एकटीची तक्रार लहान दिसते. बाकीच्या मुलींना गाठ, प्रत्येकीने आपापली करावी. आणि चॅट डिलीट करू नकोस, रागाच्या भरात मी केलं होतं.

जांभळी_सांगली: अपडेट: १९३० चौथ्या प्रयत्नात लागला. तक्रारीचा क्रमांक मिळाला. ग्रुपमधल्या सहाजणींशी बोलले, सगळ्यांना तोच आठ अंकी नंबर दिलाय. कराडची एक अकरावीतली आहे, घरी सांगायला घाबरतेय. तिच्या आईशी कोणी मोठं माणूस फोनवर बोलेल का?

नानांचा_वाडा: मी बोलतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.