अमूरपलीकडून येणारा चिनी लोंढा: खरा किती, भीती किती?

नदीकाठ: रशियाचा अतिपूर्व भाग आज ना उद्या चिन्यांनी भरून जाणार, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. नकाशा बघून तसं वाटतंही. रशियाच्या बाजूला जेमतेम 80 लाख माणसं, सीमेवरच्या अमूर नदीपलीकडे चीनच्या एकट्या हेइलोंगजियांग प्रांतात तीन कोटींवर. पण याच प्रांताची लोकसंख्या 2010 ते 2020 मध्ये 3.83 कोटींवरून 3.19 कोटींवर आली. घर सोडणारा तरुण दक्षिणेच्या कारखान्यांकडे जातो, सायबेरियात नाही. रशियन जनगणनेत चिनी 2002 मध्ये 34,577 होते, 2021 मध्ये 19,644. मग लोंढा कुठाय?

सीमारेषा: पूर्ण असहमत. 2021 ची मोजणी करोनाच्या काळातली, सीमा बंद असतानाची. सोयाबीनच्या हंगामापुरता येणारा मजूर जनगणनेत नीट सापडतच नाही. आणि प्रश्न नुसत्या डोक्यांचा नाही, जमिनीचा आहे. 2015 मध्ये झाबायकाल्ये या रशियाच्या सीमेवरच्या प्रदेशात 1,15,000 हेक्टर जमीन 49 वर्षांसाठी चिनी कंपनीला द्यायची बोलणी झाली होती. लोक खवळले म्हणून ते बारगळलं. अमूरकाठचा हा मुलूख 1858 आणि 1860 च्या तहांनी चीनच्या तेव्हाच्या चिंग साम्राज्याकडून रशियाकडे आला, हे चीनमध्ये कुणी विसरलेलं नाही.

परवानापत्र: जमिनीची काळजी रास्त, पण मजूर असा सहज घुसत नाही. ताजिक किंवा उझबेक माणूस व्हिसाशिवाय येतो आणि ‘पातेंत’ हा कामाचा परवाना काढून कामाला लागतो. चिन्याला ती सोय नाही. मालकाने आदल्या वर्षी कोट्यात जागा मागायची, परदेशी मजूर ठेवायची परवानगी घ्यायची, मग आमंत्रण, मग कामाचा व्हिसा, मग वैद्यकीय तपासणी. परवाना ठरावीक प्रदेशापुरता असतो. गवंड्याला शेजारच्या प्रदेशातल्या साइटवर हलवलं की तो बेकायदा ठरतो, आणि गाडं अडतं ते बहुधा इथेच.

नदीकाठ: शिवाय रूबल. 2014 च्या सुरुवातीला युआनला साधारण साडेपाच रूबल पडत, वर्षअखेर नऊ. म्हणजे 30,000 रूबल पगाराचे घरी पोचताना 5,450 युआन व्हायचे, ते 3,300 वर आले. कोण थांबेल? याच घसरणीने उलटा प्रवाहही आटला. अमूरकाठच्या ब्लागोव्हेश्चेन्स्क या रशियन शहरातले पेन्शनर आपला फ्लॅट भाड्याने देऊन समोरच्या हेइहे या चिनी शहरात स्वस्तात राहायचे. भाडं आणि पेन्शन दोन्ही रूबलमध्ये, किराणा युआनमध्ये. त्यांना गाशा गुंडाळावा लागला.

सीमारेषा: दराचा मुद्दा मान्य, पण दर फिरतात. कागदावरची बंदी कशी वाकते तेही बघा. 1 एप्रिल 2007 पासून परदेशी माणसाला बाजारातल्या गाळ्यावर विक्री करायला मनाई झाली, तेव्हा गाळा चिन्याचाच राहिला, गल्ल्यावर रशियन बाई बसली. आता 2025 पासून दोन्हीकडे 30 दिवस व्हिसामाफी आहे. त्यात नोकरी करता येत नाही, खरंय. पण बांधकामावर 25 दिवस राबून परत जाणाऱ्याला पकडायचं, तर साइटवर जाऊन तपासावं लागेल. नाक्यावर तो पर्यटकच दिसणार.