मदत हवी आहे: उमेदवार आमच्या लेआउटमध्ये येणार आहेत, 40 मिनिटांत काय विचारायचं?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाडा भागात आमचं साधारण 140 घरांचं लेआउट आहे. 19 एप्रिल 2024 च्या लोकसभेला उभे असलेले एक उमेदवार येत्या रविवारी, 7 तारखेला संध्याकाळी आमच्याकडे यायला तयार झालेत, भाषण नाही, फक्त लोकांनी विचारायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं, एकूण 40 मिनिटं. पक्ष मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

प्रश्न गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर दोन दिवसात 31 प्रश्न आले आणि त्यातले वीसेक नाली, गट्टू, कचरागाडी, मोकाट कुत्रे आणि प्लॉटच्या आरएलचे, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राचे. यातलं काहीच खोटं नाही हो, पण हे खासदाराला विचारायचं का तेच समजत नाहीये. मागे एका निवडणुकीत असेच एक जण आले होते, सगळ्यांनी गडर लाइनचं (सांडपाण्याच्या पाइपचं) विचारलं, ते म्हणाले करून टाकू, टाळ्या वाजल्या, चहा झाला, निघून गेले, आणि दिल्लीत जाऊन ते काय करणार हे कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून मनात राहिलंय.

माझा स्वतःचा एक प्रश्न आहे. बाबा हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत होते, 2012 ला रिटायर झाले, ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची पेन्शन येते महिन्याला 1,870 रुपये. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याच त्याच्यापेक्षा जास्तीच्या होतात. पण घरचा प्रश्न सगळ्यांच्या वेळात कसा मांडायचा म्हणून संकोच वाटतो.

तर कृपया सांगा, कोणते प्रश्न ठेवू, आणि असं कसं विचारू की "बघू, करू" एवढ्यावर सुटणार नाही. जागा म्हणून हनुमान मंदिराचा सभामंडप ठरवलाय, पंखे आहेत तिथे.

बर्डीचा वकील

ताई, सगळ्यात आधी जागा बदला. आचारसंहितेत स्पष्ट आहे, मंदिर, मशीद, चर्च, कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही. उमेदवार आला, मतदारांशी बोलला, म्हणजे तो प्रचारच झाला. कोणाची तरी गच्ची किंवा मोकळा प्लॉट बघा, मालकाची लेखी संमती घ्या, आणि परवानगी उमेदवाराच्या माणसांना काढायला लावा, ते निवडणूक आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज करतात, निदान 48 तास आधी करावा लागतो म्हणून आजच फोन करा. खुर्च्या-माईकचा खर्च त्यांच्या हिशेबात धरला जातो, 95 लाखांची मर्यादा असते, त्यामुळे तुम्ही परस्पर मंडप टाकून देऊ नका, नंतर त्यांच्याही डोक्याला ताप आणि तुमच्याही.

आता प्रश्नांचं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि समवर्ती, आणि 74 व्या घटनादुरुस्तीनंतर बारावी अनुसूची आली, त्यात शहरातलं पाणी, सफाई, रस्ते, दिवे वगैरे 18 विषय आहेत जे नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायचे म्हणून दिलेत. नाली, गट्टू, कचरा इथे येतं. आरएल म्हणजे गुंठेवारी, तो राज्याचा कायदा, ते आमदाराला विचारा. खासदार म्हणेल की मी खासदार निधीतून करून देतो, तेव्हा एक हिशेब जवळ ठेवा: निधी वर्षाला 5 कोटी, नागपूर मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा आणि मतदार 22 लाखांवर, म्हणजे माणशी वर्षाला 23 रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि तो पैसा खासदार स्वतः खर्च करत नाही, फक्त काम सुचवतो, करतं जिल्हा प्रशासन. त्या 23 रुपयांसाठी 40 मिनिटं घालवू नका.

संत्रा बर्फी

वकीलसाहेबांचं पटतं पण पूर्ण नाही पटत. माणूस रोज त्या नालीवरून उडी मारून घरात जातो, त्याला तुम्ही म्हणाल हा प्रश्न इथला नाही तर तो पुन्हा मीटिंगलाच येणार नाही. 2022 च्या मार्चपासून आपल्याकडे नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे, लोकांनी जावं कोणाकडे? एक प्रश्न तरी ठेवा, महापालिकेची निवडणूक दोन वर्षं झाली नाही त्याबद्दल तुमचं म्हणणं काय आणि त्यासाठी तुम्ही काय केलं. सगळ्या नाल्यांचा राग त्याच्यात येऊन जाईल.

मानेवाडाकर

अरे हो, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. ठेवते. मंदिराचंही बरं सांगितलंत वकीलदादा, आम्ही तर फ्लेक्सवर मंदिराचं नाव छापायला देणार होतो.

डागा लेआउटच्या पलीकडे

आमचं घर नाग नदीच्या काठाला आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्याकडे खिडकीच्या वर पाणी होतं, आईला खुर्चीवर बसवून वर नेलं, मुलीची दहावीची पुस्तकं, गॅस, फ्रिज सगळं गेलं. तलाव आणि नाला शहराचा विषय हे मान्य, पण नाग नदीचा प्रदूषण कमी करायचा प्रकल्प हा राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतला, म्हणजे केंद्राचा आहे, 1,900 कोटींच्या वरचा. मंजुरीच्या बातम्या किती वर्षं वाचून राहिलो आपण. आणि ही नदी इथेच संपत नाही, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपली घाण गोसेखुर्दच्या धरणात जाऊन थांबते, तिकडे भंडाऱ्याचे लोक ते पाणी बघतात. तुमच्या लेआउटचं सांडपाणी पण त्यातच जातं ताई. तेव्हा विचारा, काम कधी सुरू होणार, पहिल्या वर्षात काय दिसेल. मानेवाड्यातून हा प्रश्न गेला तर आम्हाला बरं वाटेल, दरवेळी काठावरचेच लोक ओरडतात.

कोराडी रोड

राखेचं विचारा प्लीज. कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात नवीन 660 मेगावॅटचे दोन संच यायचेत, मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली, पर्यावरण मंजुरी केंद्राचं मंत्रालय देतं. सल्फर अडवायच्या यंत्रणेचा नियम डिसेंबर 2015 चा आहे, दोन वर्षांची मुदत होती, ती वाढतच गेली. हो की नाही एवढंच विचारा: नवीन संचांच्या बाजूने की विरोधात.

रिटायर्ड मास्तर

ताई, संकोच अजिबात करू नका. तुमच्या बाबांचा प्रश्न हाच या सगळ्यात शंभर टक्के खासदाराचा प्रश्न आहे. ईपीएस ही केंद्राची योजना, 1995 ची. किमान पेन्शन 1,000 रुपये झाली 1 सप्टेंबर 2014 पासून, आणि आज दहा वर्षं होत आली तरी तेवढीच आहे. पेन्शनर लोक 7,500 आणि वर महागाई भत्ता मागून राहिलेत. बाबांना कमी का मिळते तेही सांगतो, पेन्शन काढतात पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, आणि 2014 च्या आधी तो पगार सहसा 6,500 च्या वर धरत नव्हते, माणसाला खरा पगार कितीही असो. हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोड, जिथे जिथे कारखाने होते तिथल्या घराघरात हे आहे. तुमच्या 140 घरांत हात वर करायला सांगा, तुम्हाला एकटं वाटणार नाही.

फक्त "पेन्शन वाढवा" असं म्हणू नका. असं विचारा: पहिल्या अधिवेशनात तुम्ही किमान पेन्शनवर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकाल का, आणि तुमच्या पक्षाची भूमिका वेगळी असली तरी सभागृहात हे बोलाल का.

बर्डीचा वकील

मास्तरांनी मर्मावर बोट ठेवलं. खासदाराच्या हातात खरोखर काय असतं तर प्रश्न विचारणं, शून्य प्रहरात किंवा नियम 377 खाली विषय मांडणं, खासगी विधेयक आणणं, आणि जिल्ह्यात दिशा समिती. खासगी विधेयकाचं कोणी मोठं आश्वासन दिलं तर लक्षात ठेवा, 1970 नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. पण ते मांडल्यावर चर्चा होते, तेही थोडं नाही. मतदानात मात्र व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश असतो, 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, म्हणून "मी विरोधात मत देईन" यापेक्षा "मी उभा राहून बोलेन" हे आश्वासन जास्त खरं.

दिशा समितीचं नक्की विचारा. केंद्राच्या योजनांवर नजर ठेवायला जिल्ह्यात ती असते, अध्यक्ष खासदार, दर तिमाहीला बैठक व्हायला पाहिजे. बैठका घ्याल का, आणि इतिवृत्त लोकांना दाखवाल का.

संत्रा बर्फी

पाणी कोणीच नाही घेतलं? जुलै 2019 विसरलात का, एक दिवसाआड नळ येत होता, आपल्याला पाणी देणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण मृतसाठ्यावर गेलं होतं. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराईचं धरण झालं तेव्हापासून खाली येणारं पाणी कमी झालंय. दोन राज्यांतली नदी म्हणजे दिल्लीचा विषय ना?

बर्डीचा वकील

हो, पाणी राज्याचं पण आंतरराज्य नद्या केंद्राच्या यादीत, नोंद 56. चांगला प्रश्न आहे.

मानेवाडाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच घरून आले, कोपऱ्यावरच्या काकांनी गच्ची दिली, 80 खुर्च्या बसतात, परवानगीचा अर्ज उमेदवाराच्या कार्यालयातून आज जाणार. 31 चे आता सहा प्रश्न केलेत: पेन्शन, चौराई, नाग नदी, कोराडी, महापालिकेची निवडणूक आणि दिशा समिती. नालीवाल्या सगळ्यांच्या तक्रारी एका कागदावर लिहून सोमवारी आम्ही दहा बायका वॉर्डाच्या ऑफिसात नेऊन देणार, त्याची पोच घेणार.

बाबांना विचारलं तुमचा प्रश्न मी वाचू का, तर म्हणाले मीच वाचतो. काल रात्री वहीत तीनदा लिहून काढला, पासबुक पण सोबत आणणार म्हणतात. एकच अडचण उरली, चौराईचा प्रश्न मला साध्या भाषेत जमत नाहीये, दोन वाक्यांत कोणी लिहून देईल का? तो आमच्या शेजारच्या आजी विचारणार आहेत, त्यांना 2019 ला तिसऱ्या माळ्यावर गुंड वाहून न्यावे लागले होते.

रिटायर्ड मास्तर

आजींना असं म्हणू द्या: "साहेब, 2019 ला आमच्याकडे एक दिवसाआड नळ येत होता, वर पेंचवर दुसऱ्या राज्यात धरण झालंय. आमच्या वाट्याचं पाणी खाली यावं म्हणून तुम्ही दिल्लीत कोणाला भेटाल, आणि कधी?" आणि "कधी" म्हटल्यावर आजींनी माईक लगेच परत देऊ नये, उत्तर येईपर्यंत हातातच ठेवावा.