मदत हवी आहे: ४२व्या वर्षी सीएनए करतेय, पुढे नर्सिंगचा कोणता रस्ता धरू?

नमस्कार. शिकागोजवळ राहते. १४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मागच्या वर्षी अख्खी टीम घरी बसवली. अर्ज टाकून टाकून दमले आणि मग जे मनात घोळत होतं ते करून टाकलं. कम्युनिटी कॉलेजात सीएनएला, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला, नाव घातलं. शेवटी आरएन, म्हणजे परवानाधारक रजिस्टर्ड नर्स, व्हायचंय.

मनात घोळायला कारण बाबा. सांगलीला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी दोन महिने तिथे होते. सिस्टर इंजेक्शन देऊन जायच्या. पुसणं, भरवणं, कूस बदलणं आमच्याकडे, किंवा पैसे देऊन मावशींकडे. ते करताना किळस आली नाही, हात आपोआप चालत होते. चुकत होते ते आत्ता कळतंय.

इलिनॉयमध्ये हा कोर्स १२० तासांचा. ८० तास वर्ग, ४० तास प्रत्यक्ष माणसांजवळ. ते ४० तास आता एका नर्सिंग होममध्ये चालू आहेत, सकाळी साडेसहाला हजेरी. हात धुण्याचीसुद्धा परीक्षा असते. बोटं खाली ठेवून निदान २० सेकंद चोळायचे आणि नळ कोरड्या कागदाने बंद करायचा. मी ओल्या हाताने बंद केला, पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या आठवड्यात एका आजोबांना स्वेटर घालत होते. उजवी बाजू गेलेली, बोलता येत नाही. मी सवयीने चांगला हात आधी घातला, मग लुळा हात काही केल्या बाहीत जाईना. आजोबांनी हळूच चांगला हात बाहेर काढला, त्याच हाताने लुळा हात उचलला आणि माझ्यापुढे धरला. घालताना कमजोर बाजू आधी, काढताना चांगली आधी. वर्गातल्या चाचणीत हेच बरोबर लिहून आले होते मी! बाबांना दोन महिने सदरा उलट्या क्रमाने घालत होते.

आता प्रश्न. दोन वर्षांचं एडीएन (नर्सिंगची असोसिएट डिग्री) करू, की वर्ष-दीड वर्षाचं अ‍ॅक्सिलरेटेड, म्हणजे झटपट, बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री)? दुसऱ्यासाठी आधीची बॅचलर डिग्री लागते आणि माझी पुण्याची बी.एस्सी. तीन वर्षांची. एक कॉलेज फोनवर चालेल म्हणालं, दुसरं नाही म्हणालं. फी भरमसाट, त्या काळात नोकरी जमणार नाही, मुलगा नववीत. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी नि मायक्रोबायोलॉजी दोन्हींकडे करावंच लागेल, तोवर सीएनएचं काम धरू का? नर्सिंग होम की हॉस्पिटल? आणि चाळिशीनंतर उचलाउचलीने कुणाची पाठ गेलीय का, खरं सांगा. 'मनाचं ऐक' असले सल्ले नकोत, ते नवरा रोज देतो. आई 'म्हणजे आयाबाई?' म्हणाली होती. आता शेजारच्या काकूंना 'मेडिकल लाइनला गेलीय' सांगते. असो.

रात्रपाळी: ताई, मी न्यू जर्सीत आरएन आहे, ३८व्या वर्षी सुरुवात केली. एडीएन करा की बीएसएन, परवान्यासाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा एकच आणि परवानाही तोच. मोठ्या हॉस्पिटलांना बीएसएन हवं असतं, हे मात्र खरं. मी एडीएन करून रिहॅबमध्ये लागले, नोकरी करत ऑनलाइन बीएसएन पुरं केलं, फीचा बराच भाग त्यांनी दिला. डिग्रीबद्दल फोनवरच्या होकारावर जाऊ नका. परदेशी डिग्रीसाठी कॉलेज कुठल्या संस्थेचं मूल्यमापन मानतं ते आधी विचारा, तिथूनच विषयवार करून घ्या आणि उत्तर ईमेलवर मागा. माझी बी.कॉम. तीन वर्षांचं कॉलेज एवढीच धरली. सायन्सचे विषय किती जुने चालतात तेही बघा, पुष्कळ ठिकाणी पाच-सात वर्षांची मुदत असते.

पाठ माझी एकदा गेली. गेट बेल्ट (पेशंटला धरायला त्याच्या कमरेला बांधायचा पट्टा) न लावता, दुसऱ्या माणसाची वाट न बघता, 'पटकन' एका आजींना खुर्चीत घ्यायला गेले होते. बेल्ट लावा, जड पेशंटला उचलायचं लिफ्ट मशीन मागा, सुपरवायझर घाई करत असेल तर करू द्या.

मीठभाकरी: हॉस्पिटलच्या मागे लागू नकोस गं. सहा महिने नर्सिंग होममध्येच काढ. एका पाळीत दहा-बारा जणांचं आवरायला लागलं की कुणाला आधी बघायचं हे अंगात भिनतं, पुढे नर्सिंग शाळेत तेच कामाला येतं. फक्त आठवड्याला दोनच पाळ्या घे. मी चार घेतल्या आणि मायक्रोबायोलॉजीत सी आला.

धागाकर्ती: दोघींचे खूप आभार. दोन्ही कॉलेजांना ईमेल टाकलीय. मुदतीचं माहीतच नव्हतं, म्हणजे विषय फार आधी उरकून उपयोग नाही. दोन पाळ्यांचंच बघते.

काल व्हिडिओ कॉलवर आईकडून बाबांना सदरा घालून घेतला, लुळा हात आधी. एका दमात गेला. आई म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं नाही का!"