चालत कोणीही ऑस्ट्रेलियाला गेलेलं नाही

खाडीकाठ
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं, 'हिमयुगात समुद्र आटला, आशिया आणि ऑस्ट्रेलिया जोडले गेले, माणसं चालत गेली.' खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून मोकळे. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पाणी उतरलं होतं हे खरं. 20 हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होतं. सुमात्रा, जावा, बोर्निओ, बाली आशियाला जोडलेले. न्यू गिनी आणि टास्मानिया ऑस्ट्रेलियाला. पण बाली आणि लोंबोकमधली सामुद्रधुनी इतकी खोल आहे की 120 मीटर उतरूनही तिथे पाणीच राहिलं. बालीत विसाव्या शतकापर्यंत वाघ होते, लोंबोकला ते कधीच पोचले नाहीत. आशियाई आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी वेगळे करणारी रेघ निसर्गअभ्यासक वॉलेसने इथून उगाच ओढली नाही. शिवाय माणूस पोचला तो या 20 हजारांच्या कितीतरी आधी, तेव्हा पाणी एवढं उतरलेलंही नव्हतं. तिमोरकडून जायचं तर शेवटचा टप्पा 80-90 किलोमीटर उघड्या समुद्राचा. बायकापोरं घेऊन, ठरवून गेलेली माणसं होती ती. त्यांचं श्रेय ओहोटीला देऊ नका.

रानवाट
'ठरवून' हे कुठून आणलंत? लोंबोकच्याही पूर्वेच्या फ्लोरेस बेटावर, म्हणजे समुद्र ओलांडूनच पोचता येईल अशा जागी, 10 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं आहेत. तसंच रेघेपलीकडच्या सुलावेसी बेटावर कालिओ इथली हत्यारं 2025 मध्ये जाहीर झाली, तीही 10 लाख 40 हजार वर्षं तरी जुनी. तेव्हा आपली जात जन्मालाही आली नव्हती. फ्लोरेसला पुढे सापडलेला माणूस जेमतेम मीटरभर उंचीचा, मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यांच्या पूर्वजांनी आराखडा काढून तराफा बांधला म्हणता? 2004 च्या त्सुनामीत आचेचा एक तरुण झाडाझुडपांच्या ढिगाऱ्यावर आठवडाभर तरंगत राहिला आणि जहाजाला जिवंत सापडला. लाखो वर्षांत असं किती वेळा घडलं असेल!

तांडेलाचा नातू
@रानवाट, एक जण वाहून जाणं वेगळं आणि वस्ती टिकणं वेगळं. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीची पहिली वस्ती तगायला किमान 1,300 माणसं लागली असतील, असं 2019 च्या एका अभ्यासाचं गणित आहे. एवढी माणसं त्सुनामी आणून सोडत नाही.

आजोबांबरोबर लहानपणी होडीत होतो, मालवणच्या बाहेर इंजिन बंद पडलं. किनाऱ्यावरचे दिवे रात्रभर दिसत होते. वल्ही मारून हाताला फोड आले, पण दिवे होते तिथेच, उलट दक्षिणेला सरकत होते. पाण्याची ओढ काय असते ते तेव्हा कळलं. आदिमानवाचा समुद्रप्रवास स्वतः करून पाहणाऱ्या जपानच्या संशोधक काइफूंना हेच दिसलं. आधी गवताच्या होड्या आणि बांबूचे तराफे कुरोशिओ प्रवाहापुढे हरले. मग दगडी कुऱ्हाडीने तोडलेल्या झाडाची होडी कोरली आणि 2019 मध्ये पाच जणांनी तैवानहून जपानचं योनागुनी बेट गाठलं, 225 किलोमीटर, 45 तासांत.

रानवाट
त्याने 'शक्य होतं' एवढंच सिद्ध होतं. तेही 30-35 हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल.

सह्याद्रीपल्याड
सगळे परदेशी दाखले. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण काढलं, ही आठवण आपल्याकडे आहे ती?

खाडीकाठ
दिशाच उलटी आहे. हिमयुग संपल्यावर समुद्र आत आला, बाहेर गेला नाही. मुंबईसमोरचा शेकडो किलोमीटरचा उथळ तळ तेव्हा जमीन होता, तो बुडाला. कथेत जमीन वर येते.

सह्याद्रीपल्याड
आमच्या कथा म्हटल्या की लगेच दिशा चुकते! ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या 21 ठिकाणच्या बुडालेल्या किनाऱ्यांच्या गोष्टी नन आणि रीड या अभ्यासकांनी 7 हजार वर्षांहून जुन्या मानल्या. ती स्मृती, आणि आमची भाकडकथा? आमच्या गुहागरच्या घराच्या गडग्यात करळाचे दगड आहेत, शंखशिंपले घट्ट बसलेले. भरती पोचत नाही अशा जागेवरून पणजोबांनी काढलेले. तिथे समुद्र होता की नव्हता?

खाडीकाठ
भाकडकथा मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. करळाचा मुद्दा मात्र मानावा लागेल. काही हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्याहून थोडं वर होतं आणि नंतर उतरलं. म्हणजे जरासा किनारा खरोखर उघडा पडला. पण तो जरासाच, अख्खं कोकण नव्हे. आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या गोष्टींत नेमका खडक, नेमकी खाडी, कुठे चालत जाता यायचं ते सांगितलेलं असतं. आपल्या कथेत तसं एक ठिकाण दाखवा, मी पुढचा शब्द काढणार नाही.

सह्याद्रीपल्याड
'जरासाच' का होईना, कबूल केलंत.

तांडेलाचा नातू
कोकण वेगळ्या धाग्यावर न्या हो. तिमोरच्या जेरिमलाई गुहेत 42 हजार वर्षांपूर्वीची कुप्याची (ट्यूना माशाची) हाडं मिळाली. खोल पाण्यातला मासा खाणाऱ्याला होडी माहीत नव्हती?

रानवाट
कुप्याची पिल्लं किनाऱ्याजवळही मिळतात, हा आक्षेप जुना आहे. बरं, ऑस्ट्रेलियापुरतं तुमचं खरं धरतो. तिथे अपघात पुरत नाही. पण माणूस तिथे 65 हजार वर्षांपूर्वी पोचला हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या माजेदबेबे उत्खननाचा आकडा पक्का धरू नका, जनुकांचा हिशेब 50 हजारांच्या आसपास थांबतो. आणि फ्लोरेस मी सोडत नाही. तिथे प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, सुलावेसीवरून सुटलेला ओंडका नेमका तिकडेच येतो.

खाडीकाठ
फ्लोरेसपुरता ओंडका घ्या. मग सुलावेसीवर ते कशावरून आले तेही सांगा, कारण ते बेटही आशियाला कधी जोडलेलं नव्हतं.