प्रतिसाद: विकतची मॅप फाईल थेट टाकावी का?

निपाणीच्या भाऊंनी विचारलंय, विकतची मॅप फाईल (इंजिनच्या सेटिंगचे आकडे असलेली) थेट ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टाकू का? नका टाकू! आधी मूळ फाईल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. ट्यूनरप्रो या मॅप बघायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या ईसीयूची डेफिनिशन फाईल (कोणता आकडा कुठे आहे ते सांगणारी) असेल तरच मॅपमधले तक्ते नीट दिसतात. फ्लॅश करताना, म्हणजे फाईल ईसीयूत लिहिताना, बॅटरीला चार्जर हवाच.

आपल्या भागात एक धोका मोठा आहे. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, हवा विरळ. टर्बो नसलेल्या गाडीत इग्निशन जरा जास्त पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, तरी इथे इंजिन निमूट चालतं. तीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनला बसणारे ठोके) सुरू होऊ शकतं. तेवढ्या लोडचे (सिलिंडरमध्ये भरणाऱ्या हवेच्या प्रमाणाचे) तक्त्यातले रकाने बेळगावात तपासलेच जात नाहीत. ते मूळ आकड्यांवरच ठेवा, कृपा करून.