घरच्या रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटर: पैसे कशावर घालू?

पेटीवाला_सांगली: पेटी, तबला आणि गळा, एवढंच घरी रेकॉर्ड करतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो, सम पार हुकते. बजेट ६० हजार. दुकानदार ग्राफिक्स कार्डवालं मशीन गळ्यात मारतोय. घेऊ का?

रियाजानंतर: अजिबात नको, ते गेमवाल्यांचं काम. आधी ऑडिओ इंटरफेस घ्या (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), ४८ व्होल्ट फँटम पॉवरवाला, म्हणजे केबलमधूनच माइकला वीज देणारा; कंडेन्सर माइक त्याशिवाय तोंड उघडत नाही. इंटरफेसचाच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका, बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात आवाजाचे किती नमुने घेतो तो आकडा, १२८ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) बफरचा उशीर जेमतेम २.७ मिलिसेकंद, १०२४ ला २१ च्या वर! गाताना डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज इंटरफेसमधून थेट हेडफोनला) ठेवलंत तर कॉम्प्युटरचा संबंधच उरत नाही. मिक्सिंगला बफर परत वाढवा, नाहीतर कडकड येते.

खर्जातला: रॅम १६ करा, एसएसडी टाका. आणि पंख्याकडे बघा हो! माझ्या टॉवरची घरघर तानपुऱ्यामागे स्वच्छ ऐकू यायची. शेवटी लांब केबल आणून तो बाहेरच्या खोलीत ढकलला.

पेटीवाला_सांगली: मागचं झाकण उघडलं, रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. मग इंटरफेसच बघतो. इनपुट दोन की चार?

रियाजानंतर: तबला, डग्गा, पेटी, गळा एका बैठकीत घेणार असाल तर चार. एकेक ट्रॅक घेणार असाल तर दोन बास.